जॉर्ज लोहमनचं १०.७५ ॲव्हरेज: खरंच एवढा भारी होता की दुबळ्या टीमवर हात धुऊन घेतले?

फुलटॉस_पक्या:
मंडळी एक शंका आहे. काल रात्री झोप येत नव्हती म्हणून टेस्टमधल्या बॉलिंग ॲव्हरेजच्या (म्हणजे एका विकेटमागे किती रन दिले त्याच्या) याद्या चाळत बसलो होतो, तर सगळ्यात वर एक नाव, जी. ए. लोहमन, इंग्लंड, १८८६ ते १८९६, १८ टेस्ट, ११२ विकेट, ॲव्हरेज १०.७५. स्ट्राइक रेट ३४ च्या आसपास म्हणजे दर सहा ओव्हरच्या आत एक विकेट. आयला आपण इथे बुमराह विसाच्या खाली आला की फटाके लावतो आणि हा बाबा दहावर!! मॅकग्रा, मार्शल, हॅडली वगैरे सगळे याच्या दुप्पट. मग या माणसाचं नाव कधीच कसं निघत नाही? कॉमेंट्रीत नाही, ऑल टाइम इलेव्हनमध्ये नाही, ग्रेसचं नाव सगळ्यांना माहिती पण हा कोण ते कुणालाच माहिती नाही. माझा रूममेट म्हणतो की त्याने सगळ्या विकेट साऊथ आफ्रिकेच्या क्लब लेव्हलच्या टीमविरुद्ध काढल्यात, सोड, फालतू रेकॉर्ड आहे. आणि वयाच्या ३१ व्या वर्षी शेवटची टेस्ट, ३६ व्या वर्षी मरण, हे काय प्रकरण आहे? काउंटीचा (इंग्लंडमधल्या परगण्यांच्या टीमचा) जुना इतिहास कुणी वाचलेला असेल तर जरा नीट सांगा, शॉर्टमध्ये नको.

आकडेमोड्या:
पक्या तुझ्या रूममेटला अर्धे मार्क. हिशोबच करून टाकू. लोहमन साऊथ आफ्रिकेविरुद्ध फक्त ३ टेस्ट खेळला, १८९५-९६ च्या टूरवर. पोर्ट एलिझाबेथला ४५ रन देऊन १५, जोहान्सबर्गला ७१ देऊन १२, केपटाऊनला ८७ देऊन ८. म्हणजे २०३ रनात ३५ विकेट, ॲव्हरेज ५.८०. हो पाच पूर्णांक ऐंशी, टायपो नाहीये. पोर्ट एलिझाबेथच्या दुसऱ्या डावात ७ रन देऊन ८ विकेट आणि शेवट हॅटट्रिकने, साऊथ आफ्रिका ऑलआऊट ३०. इतक्या वर्षांत याच्याखाली फक्त न्यूझीलंडचे २६ आणि २०२५ मधले वेस्ट इंडिजचे २७. पुढच्याच टेस्टला जोहान्सबर्गला २८ रनात ९. टेस्टमध्ये एका डावात नऊ विकेट काढणारा हा पहिला, आणि सगळ्यात चांगल्या फिगर्स म्हणून ते २८ ला ९ टिकले थेट १९५६ पर्यंत, मग इंग्लंडच्याच जिम लेकरने ५३ ला १० काढल्या.

आता हे सगळं उचलून कचऱ्यात टाका. उरल्या १५ टेस्ट, सगळ्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध, विकेट ७७, ॲव्हरेज १३.०१. तरीही तेराच! आणि ती ऑस्ट्रेलिया म्हणजे काही क्लब टीम नव्हती, त्या काळी जगात दोनच खऱ्या टीम होत्या त्यातली ती एक. त्यामुळे "सगळ्या विकेट आफ्रिकेविरुद्ध" हे धादांत खोटं आहे, ११२ पैकी ७७ ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आहेत.

हिरवळ_नको:
आकडे बरोबर आहेत मान्य पण आकडेमोड्या भाऊ तुम्ही पिचचं काहीच बोलला नाहीत आणि खरी गोम तिथेच आहे. १८८० च्या दशकात पिच झाकत नव्हते, रात्री पाऊस पडला आणि सकाळी ऊन आलं की पिच असं काही वागायचं की बॅट्समनने फक्त देवाचं नाव घ्यायचं. १८८७ च्या जानेवारीत सिडनीला इंग्लंड ४५ वर ऑलआऊट झालं, आजपर्यंतचा त्यांचा सगळ्यात कमी स्कोअर, आणि तरीही ती मॅच इंग्लंडनेच १३ रननी जिंकली!! १८८८ ला लॉर्ड्सच्या टेस्टमध्ये एका दिवसात २७ विकेट पडल्या. २७. एका दिवसात. अशा पिचवर कुणाचंही ॲव्हरेज खाली येणारच ना राव. आणि साऊथ आफ्रिकेत तर मॅटिंग म्हणजे चटई अंथरलेलं पिच, त्यावर बॉल कट करणाऱ्याची दिवाळी. लोहमनच्या आधी १८८९ ला केपटाऊनला जॉनी ब्रिग्जने २८ रनात १५ काढल्या होत्या आणि त्यातले १४ बोल्ड. म्हणजे इंग्लंडचा कुठलाही बरा बॉलर तिकडे नेला असता तरी हेच झालं असतं. शिवाय त्या मॅचेस खेळल्या तेव्हा टेस्ट म्हणून मोजल्याच जात नव्हत्या, टेस्टचा शिक्का नंतर बसला. मला लोहमनबद्दल राग नाही, पण १०.७५ हा आकडा आजच्या बॉलरच्या शेजारी ठेवणं म्हणजे येडेपणा आहे.

आकडेमोड्या:
@हिरवळ_नको आजच्या बॉलरशेजारी नकाच ठेवू, त्याच्या काळातल्या लोकांशेजारी ठेवा की. त्याच पिचवर, त्याच बॅट्समनसमोर बाकीच्यांनी काय केलं? चार्ली टर्नर, ज्याला ऑस्ट्रेलियात टेरर म्हणायचे, १७ टेस्ट १०१ विकेट ॲव्हरेज १६.५३. तुमचाच ब्रिग्ज, ११८ विकेट, ॲव्हरेज १७.७५, आणि यात ती केपटाऊनची लूट धरलेली आहे हां! लोहमनमधून आफ्रिका काढून टाकली तरी १३. आता सगळ्यांना सारखं ओलं पिच असताना एकजण सातत्याने तीन-चार रनने पुढे असेल तर ते पिचमुळे कसं? एकच जण याच्या जवळ येतो, जे. जे. फेरिस, ६१ विकेट १२.७० ने, पण त्याच्या टेस्ट नऊच.

आणि १०० विकेटपर्यंत पोचायला लोहमनला १६ टेस्ट लागल्या. सव्वाशे वर्षं झाली, याहून लवकर अजून कुणीही पोचलं नाही. अश्विन नाही, यासिर शाह नाही, कुणीच नाही. आयसीसीने जुन्या लोकांचं मागे जाऊन रेटिंग काढलंय त्यात सगळ्यात वर इंग्लंडचाच सिडनी बार्न्स ९३२ आणि त्याच्या खाली एका पॉइंटने लोहमन ९३१. ते रेटिंग समोरच्या टीमची ताकद बघूनच काढतात.

ओव्हलचा_कट्टा:
उशिरा आलो पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगतो. तुम्ही सगळे टेस्ट टेस्ट करताय पण १८८० च्या दशकात टेस्ट म्हणजे सणवार होता हो, रोजचा भाकरतुकडा काउंटीचा. लोहमनला ओळखायचं तर त्याची काउंटी सरे बघा.

पूर्ण नाव जॉर्ज आल्फ्रेड लोहमन, जन्म २ जून १८६५, लंडनमधलं केन्सिंग्टन. सरेकडून सुरुवात १८८४ ला, वय १९. दोन वर्षांत इंग्लंडच्या टीममध्ये, १८८६ ला ओव्हलवर, म्हणजे स्वतःच्या घरच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या १२ विकेट घेतल्या १०४ रनात. त्याच हिवाळ्यात बोटीने ऑस्ट्रेलियाला, आणि वर ज्या ४५ ऑलआऊटचा उल्लेख आला त्याच्या पुढच्याच टेस्टला सिडनीलाच ३५ रनात ८. टेस्टमध्ये एका डावात आठ विकेट हे त्याआधी कुणी केलंच नव्हतं.

पण खरी गंमत पुढे आहे. १८८८ मध्ये इंग्लंडच्या एका सीझनमध्ये फर्स्ट क्लासच्या (काउंटी, टेस्ट वगैरे वरच्या दर्जाच्या मॅच) २०९ विकेट. १८८९ मध्ये २०२. १८९० मध्ये २२०. सलग तीन उन्हाळे दोनशेच्या वर! मे ते सप्टेंबर, आठवड्याला दोन मॅच, रविवारी सुट्टी, आगगाडीतून बॅगा घेऊन या गावाहून त्या गावाला, आणि हिवाळ्यात टूर असली तर परत बोट. आजचे बॉलर वर्कलोड मॅनेजमेंट करतात ते योग्यच आहे पण याचं वर्कलोड बघून कुठल्याही फिजिओला चक्कर येईल. पूर्ण करिअर १८४१ फर्स्ट क्लास विकेट, ॲव्हरेज १३.७३, आणि तेही साधारण तेरा सीझनच्या काळात ज्यातले दोन उन्हाळे तो खेळलाच नाही. ते का ते सांगतो.

आधी बॉलिंग कशी होती. फास्ट अजिबात नव्हता. मीडियम पेस, उंच हात, सुंदर ॲक्शन, आणि सगळं डोकं. एकाच ॲक्शनमधून बॉल कधी जरा जोरात, कधी जरा हळू, आणि एक बॉल असा की बॅट्समन पुढे येऊन ड्राइव्हला जातो आणि बॉल त्याला वाटला त्याच्या हातभर आधीच टप्पा घेतो, मग कॅच उडतो. ओल्या पिचवर ऑफब्रेक आत कापायचा ते वेगळंच. नुसता पिचवर अवलंबून असलेला बॉलर १८८७ ते ९० कोरड्या-ओल्या सगळ्या सीझनमध्ये एवढं सातत्य दाखवूच शकत नाही हे माझं ठाम मत, हिरवळ_नको साहेब रागावू नका. वर तो स्लिपमध्ये त्या काळचा सगळ्यात भारी फिल्डर, १८ टेस्टमध्ये २८ कॅच. बॅटिंग मध्यम, पण मारका फलंदाज, फर्स्ट क्लासमध्ये ३ शतकं आहेत.

विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने १८८९ मध्ये पहिल्यांदा वर्षाचे खेळाडू निवडायची प्रथा सुरू केली, त्या पहिल्याच यादीत सहा बॉलर होते आणि त्यात लोहमन, सोबत ब्रिग्ज, पील, टर्नर, फेरिस आणि वूड्स. सरेसाठी तर तो काळ म्हणजे नुसती मजा, १८९० ला काउंटी चॅम्पियनशिप अधिकृत झाली आणि पहिली तीनही वर्षं सरे चॅम्पियन, ९०, ९१, ९२.

आणि ९२ संपता संपता टीबी निघाला.

त्या काळात टीबीवर औषध नव्हतं, कोरड्या हवेत जा एवढाच सल्ला. म्हणून त्याला साऊथ आफ्रिकेला पाठवलं. १८९३ चा सीझन गेला, सरेची चॅम्पियनशिपपण गेली, यॉर्कशायरने नेली. (९४ ला मात्र सरे त्याच्याशिवायच परत जिंकली, तोवर टॉम रिचर्डसन तयार झाला होता, त्यामुळे "लोहमन नाही तर सरे नाही" असं म्हणायचा मोह आवरा.) १८९५ ला तो परत आला, खेळला, चॅम्पियन झाले. आणि मग ती १८९५-९६ ची आफ्रिका टूर, लॉर्ड हॉकची टीम. म्हणजे पक्या, ज्या ३५ विकेटवरून तुझा रूममेट हिणवतोय त्या फुप्फुसाचा टीबी झालेल्या माणसाने काढल्यात, हे त्याला सांग.

फुलटॉस_पक्या:
बाप रे. टीबीचं अजिबात माहिती नव्हतं, रूममेटला स्क्रीनशॉट पाठवलाय, रिप्लाय नाही 😂
पण मग १८९६ लाच एकदम बंद का? त्या वर्षी लॉर्ड्सला टेस्ट खेळलाय असं दिसतंय, ऑस्ट्रेलिया ५३ ऑलआऊट, याचे १३ रनात ३. चांगलाच तर खेळत होता. तब्येत परत बिघडली का?

युनियनवाला_अण्णा:
पक्या तब्येत होतीच पण त्या वर्षी अजून एक कांड झालं, आणि माझ्या मते लोहमनचं नाव घ्यायचं ते त्यासाठी घ्यायला पाहिजे, विकेट काय कुणीही काढतं.

ऑगस्ट १८९६, ओव्हलवर तिसरी टेस्ट, सिरीज १-१. टीममध्ये दोन जाती होत्या, एक ॲमॅच्युअर म्हणजे जंटलमन लोक, नावाला फुकट खेळणारे, वेगळ्या खोलीत कपडे बदलणारे, कॅप्टन त्यांच्यातलाच. दुसरे प्रोफेशनल म्हणजे पोटासाठी खेळणारे, बॉलिंगचं ढोरकाम बहुतेक यांच्याच गळ्यात. टेस्टचा मोबदला प्रोफेशनलला १० पौंड. टेस्ट बघायला तुफान गर्दी, गेटवर पैशांचा पाऊस, आणि ज्याच्या बॉलिंगवर हे सगळं चाललंय त्याला दहा. मग टेस्टच्या तोंडावर पाच जणांनी सरेच्या कमिटीला लिहून दिलं की २० पौंड द्या नाहीतर खेळत नाही. कोण कोण? लोहमन, रिचर्डसन, बॉबी एबल, टॉम हेवर्ड हे चौघं सरेचे आणि नॉटिंगहॅमशायरचा विल्यम गन.

आणि यात दुखरी नस कुठली होती तर खर्चाच्या नावाखाली ॲमॅच्युअर लोक जे उचलायचे ती. डब्ल्यू. जी. ग्रेस ॲमॅच्युअर, पण आदल्याच वर्षी १८९५ ला त्याच्यासाठी वर्गणी निघाली ती सुमारे ९ हजार पौंडांची! फुकट खेळणाऱ्याला नऊ हजार आणि पगारी माणसाला दहा, करा हिशोब. पेपरात इतका गवगवा झाला की सरेला जाहीर खुलासा करावा लागला की ग्रेसला ओव्हलच्या मॅचला खर्च म्हणून दहा पौंडांपेक्षा जास्त कधी दिलेले नाहीत. म्हणजे हौशी माणसाचा खर्चच प्रोफेशनलच्या अख्ख्या मजुरीएवढा, आणि हे त्यांनी स्वतःच्या बचावात सांगितलं 🤦

कमिटी वाकली नाही. एबल, हेवर्ड, रिचर्डसन यांनी माघार घेतली आणि खेळले, त्यांनाही दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. लोहमन आणि गन खेळले नाहीत. इंग्लंडने ती टेस्ट जिंकली, ऑस्ट्रेलियाला ४४ वर गुंडाळलं, म्हणजे मॅनेजमेंटला म्हणायला मोकळं की बघा तुमच्यावाचून काही अडलं नाही. त्या सीझननंतर लोहमन सरेकडून खेळला नाही आणि टेस्ट तर नाहीच. आणि गंमत म्हणजे पुढच्या थोड्या वर्षांतच टेस्टची फी २० पौंड झाली. मागणी बरोबरच होती की मग.

हिरवळ_नको:
अण्णा तुम्ही प्रत्येक धाग्यात संप शोधून काढता 😄 पण एक बाजू राहिली. पाचही जणांनी मॅच अगदी तोंडावर असताना नोटीस दिली, आणि तेव्हाच्या बऱ्याच लोकांना राग पैशाचा नाही तर या वेळेचा आला होता. आणि सरे काही वाईट मालक नव्हता, बाकी काउंटींच्या मानाने बराच बरा.

युनियनवाला_अण्णा:
तोंडावर नाही मागायचं तर काय नोव्हेंबरात मागायचं का, तेव्हा कोण विचारतंय बॉलरला.

ओव्हलचा_कट्टा:
भांडू नका रे. पक्याचा शेवटचा प्रश्न राहिलाय, त्याचा शेवट कसा झाला. लोहमन परत आफ्रिकेला गेला ते कायमचाच. तिकडे केपटाऊनहून आत रेल्वेलाइनवर कारू नावाचा वैराण कोरडा प्रदेश आहे, त्यात माटजिसफाँटेन नावाचं छोटं स्टेशन. जेम्स लोगन नावाच्या स्कॉटिश माणसाने ते गाव वसवलं, रेल्वेवर खाण्यापिण्याची कंत्राटं घेऊन गब्बर झालेला, क्रिकेटचं भयंकर वेड, आणि जरा भांडखोरही, एका इंग्लिश टूरला पैसे उसने दिले होते त्यावरून तिच्या कॅप्टनला, वॉल्टर रीडला, कोर्टात खेचला होता. कोरडी हवा म्हणून टीबीचे पेशंट तिथे राहायला यायचे. लोहमन या लोगनच्या आश्रयाला राहिला, थोडंफार वेस्टर्न प्रॉव्हिन्सकडून खेळला. १९०१ ला लोगनने स्वतःच्या खर्चाने साऊथ आफ्रिकेची टीम इंग्लंडला नेली, साऊथ आफ्रिकेत ब्रिटिशांचं बोअर लोकांशी युद्ध ऐन भरात असताना, "या वयाची पोरं बंदूक घ्यायची सोडून बॅट घेऊन काय फिरतायत" म्हणून टीकापण झाली, आणि त्या टीमचा मॅनेजर होता लोहमन. परत गेला आणि १ डिसेंबर १९०१ ला माटजिसफाँटेनलाच वारला. वय ३६. कबर तिथेच आहे, त्यावरचा दगड सरे क्लबने बसवलेला.

गिरगाव_गोलंदाज:
मस्त धागा, वाचतोय केव्हाचा. आपल्याकडचा एक धागा जोडतो. लोहमन ज्याच्या टीममधून १८९५-९६ ला आफ्रिकेला गेला तो लॉर्ड हॉक त्याच्या तीन वर्षं आधी, १८९२-९३ ला, टीम घेऊन मुंबईत येऊन गेला होता. इथे पारशांशी खेळले आणि एक मॅच पारशांनी १०९ रननी जिंकली. तेव्हा इथला गव्हर्नर लॉर्ड हॅरिस, तोही केंटचा काउंटी खेळाडू आणि इंग्लंडचा माजी कॅप्टन. आता त्या टीममध्ये लोहमनसारखा कुणी असता तर काय झालं असतं देव जाणे, पण पारशांकडे डॉ. पावरी होते हे विसरू नका, १८८८ च्या इंग्लंड टूरवर १७० विकेट काढल्यात त्या माणसाने. त्याच उन्हाळ्यात लोहमनच्या २०९. अर्थात पावरींसमोर बहुतेक हौशी टीम होत्या, तुलना करत नाहीये, लगेच अंगावर येऊ नका.

आणि त्या १८९६ च्याच सिरीजमध्ये मँचेस्टरला रणजीचं पदार्पण, नाबाद १५४. लोहमनची शेवटची टेस्ट त्याच्या आधीची, लॉर्ड्सची. म्हणजे दोघं इंग्लंडकडून एकत्र एकही टेस्ट खेळले नाहीत, ओव्हलला खेळले असते पण तिथे अण्णांचा संप आडवा आला.

फुलटॉस_पक्या:
एक नंबर माहिती मंडळी. रूममेटचा रिप्लाय आला, म्हणतोय की "यादीत फिल्टर काढला तर लोहमनच्या वर अजून एक इंग्लिश बॉलर दिसतो, चार्ल्स मॅरियट, ८.७२, मग त्याला का नाही ग्रेट म्हणत." आता याला काय सांगू?

आकडेमोड्या:
त्याला सांग मॅरियट एकच टेस्ट खेळला आणि ११ विकेट काढून गेला, म्हणून फिल्टर असतो. आणि आता त्याने विषय काढलाच आहे तर त्याला विचार की लोहमन मोठा की बार्न्स. बार्न्स २७ टेस्ट, १८९ विकेट, १६.४३, आणि त्यानेही आफ्रिकेत मॅटिंगवर एका सिरीजमध्ये ४ टेस्टमध्येच ४९ काढल्यात. माझं मत बार्न्स, कारण त्याने ऑस्ट्रेलियात चांगल्या पिचवर खूप जास्त बॉलिंग केली.

ओव्हलचा_कट्टा:
बार्न्स?? लोहमनने सिडनीला दोनदा एका डावात आठ काढल्यात, ३५ ला ८ आणि मग १८९१-९२ ला ५८ ला ८, ते काय ओव्हलच्या चिखलात? नवीन धागा काढा, इथे नको, तिथे येतो भांडायला.